फोन साफ केला तरी महिन्याभरात पुन्हा भरतो? आवक कुठून होते ते बघा

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका अंकाची शेवटची प्रुफं माझ्याकडे होती. १६० पानं. ऱ्हस्वदीर्घाच्या, अनुस्वारांच्या बारीकसारीक चुका वेचून काढल्या, आणि छापून आलेल्या अंकात पान ५ वर, सगळ्यांत मोठ्या ठशात, 'अनुक्रमनिका'. 'ण'च्या जागी 'न'. संपादकांचा फोन आला. रागावले नाहीत, उलट म्हणाले, "ताई, तब्येत बरी आहे ना?" त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

मी आधी डोळ्यांवर संशय घेतला. चष्म्याचा नंबर तपासून आले, तोच होता. मग जुनी प्रुफं काढून बसले. पान ५ च्या समासात माझ्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'टाकी साफ, उद्या १० ते ४ पाणी नाही.' म्हणजे त्या पानावर असताना फोन वाजला, सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज मी वाचला, विसरायला नको म्हणून हाताशी असलेल्या कागदावर उतरवून घेतला आणि परत आले ती थेट पान ६ वर.

त्याच आठवड्यात फोनवर 'स्टोरेज भरत आलंय' ही सूचना तिसऱ्यांदा आली होती. तोवर मी हे दोन निराळे आजार समजत होते. फोन भरतो तो फोनचा दोष, लक्ष उडतं तो माझा. दोन्हींचं मूळ बऱ्याच अंशी एकच निघालं. ते कसं सापडलं आणि काय केल्यावर थांबलं ते इथे लिहितेय. मी काही तंत्रज्ञ नाही. सांगलीत घरी बसून प्रुफं तपासते, अँड्रॉइड फोन वापरते आणि एक जुना लॅपटॉप आहे. आयफोनवाल्यांना नावं थोडी वेगळी दिसतील, पण दुखणं तेच.

आधी केलेले उपाय, जे टिकले नाहीत

महिन्याच्या पहिल्या रविवारी चहाचा कप घेऊन फोन साफ करायला बसायचं, हा माझा नेम होता. सुप्रभातची कमळं, वाफाळता चहा, विठोबा, गुलाब, 'आज एकादशी', मग 'आज एकादशी नाही, उद्या आहे'. दोन तास मोडायचे, तीनेक जीबी मोकळे व्हायचे, आणि वीस-बावीस तारखेला पुन्हा तीच लाल पट्टी.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून फोन साफ करणारं एक ॲप घेतलं. 'तुमचा फोन घाण झालाय' असं तेच दिवसातून चार वेळा सांगायला लागलं. झाडूवालाच कचरा टाकत होता, काढून टाकलं. मग ६४ जीबीचा फोन देऊन १२८ चा घेतला. तो भरायला सात महिने लागले, एवढाच फरक. शेवटी एकदा वैतागून सगळ्या सूचना सरसकट बंद केल्या. दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला खाली उभा राहून परत गेला, त्यात माझीच प्रुफं होती. संध्याकाळी सगळं पूर्ववत.

आमच्याकडे हळदीच्या बाजारात पहिला प्रश्न असतो, आज आवक किती? भाव त्यानंतर. मी इतके दिवस गोदाम झाडत होते, गेटवर गाड्या किती येतात ते मोजलंच नव्हतं.

एक दिवस मोजा

ही पायरी गाळू नका. पुढचे सगळे उपाय तुमच्या तक्त्यावर ठरतील, माझ्या नाही.

एक साधा मंगळवार धरला. सकाळी ९ ते दुपारी १. रद्दीतल्या एका प्रुफाच्या कोऱ्या बाजूवर तीन रकाने आखले: कुठून आलं, माझ्यासाठी होतं का, आत्ताच कळायला हवं होतं का. फोन वाजला, थरथरला, उजळला की एक ओळ. दुपारी बेरीज केली तर ५८ ओळी. त्यांत व्हॉट्सॲपचे ग्रुप ३३, खरेदीची आणि जेवणाची ॲप्स ८, मेल ७, एसएमएस ६, बाकी किरकोळ ४. तिसऱ्या रकान्यात 'हो' फक्त तीन ठिकाणी: कुरिअर, संपादक, आणि आईचं औषध आलंय हे सांगणारा दुकानदार.

मग व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज उघडलं. कुठल्या चॅटनं किती जागा खाल्लीय ते तिथे उतरत्या क्रमानं दिसतं. ती यादी आणि माझा तक्ता शेजारी शेजारी ठेवले. मला जास्त वेळा उठवणारे पहिले चार ग्रुप आणि फोन भरणारे पहिले चार ग्रुप, यांतली तीन नावं तीच. त्यांतल्या दोन ग्रुपवर मी वर्षभरात एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

व्हॉट्सॲप: न मागता उतरणारा माल

बहुतेकांच्या फोनमध्ये मूळ सेटिंग असं असतं: मोबाइल डेटावर असलात तर फोटो आपोआप उतरतात, वायफायवर असलात तर फोटो, व्हिडिओ, ऑडिओ, कागदपत्रं सगळंच. घरात वायफाय आलं की फोन झपाट्यानं भरायला लागतो तो यामुळे. तुम्ही तो व्हिडिओ बघितला नाही तरी तो तुमच्या घरात येऊन बसलेला असतो.

स्टोरेज अँड डेटामध्येच खाली मीडिया ऑटो डाउनलोड आहे. मोबाइल डेटा, वायफाय, रोमिंग असे तीन भाग दिसतील. तिन्हींत सगळ्या खुणा काढा. आता फोटो धूसर दिसेल, बोट लावलं तरच उतरेल. व्हॉइस मेसेज मात्र तरीही आपोआप येतात, त्यामुळे आईचा निरोप अडकत नाही. पहिले दोन दिवस सारखं बोट लावावं लागतं म्हणून चिडचिड होते. तिसऱ्या दिवशी लक्षात येतं की आपण बोट लावतच नाही.

दुसरं, मीडिया व्हिजिबिलिटी. हे बंद केलं की व्हॉट्सॲपचे नवे फोटो गॅलरीत मिसळत नाहीत. ज्या चॅटमधले फोटो खरंच हवेत, तेवढ्यापुरतं ते त्या चॅटच्या माहितीत जाऊन चालू ठेवता येतं. मी बहिणीचं ठेवलंय, नातीचे फोटो येतात.

आता जुना साठा. मॅनेज स्टोरेजमध्ये वरच दोन गठ्ठे दिसतात: ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स आणि बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालेल्या. दुसरा गठ्ठा मी न बघता उडवला, आजवर त्यातलं काही आठवलेलं नाही. पहिला मात्र बघून उडवा. माझ्या त्या गठ्ठ्यात लेखकाची हस्तलिखिताची पीडीएफ होती.

इथे एक अडचण हमखास येते: एवढं उडवलं तरी जागा वाढली नाही. कारण बहुधा दोहोंपैकी एक असतं. तोच व्हिडिओ पाच ग्रुपांवर आलेला असेल तर पुसताना फक्त ती एक नोंद काढायची की सगळ्या प्रती, असं विचारलं जातं. 'सगळ्या प्रती' निवडा. नाहीतर गॅलरीची किंवा फाइल्स ॲपची कचराकुंडी भरलेली असते. तिथून पुसलेल्या गोष्टी बहुतेक फोनांत महिनाभर पडून राहतात आणि जागा अडवतात. कुंडी रिकामी करा, मग आकडा बघा. तरीही जमत नसेल तर फाइल्स ॲपमधून व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरात शिरा, त्यातल्या फोटोंच्या आणि व्हिडिओंच्या फोल्डरांत 'सेंट' नावाचं फोल्डर असतं. तुम्ही इतरांना पाठवलेल्या फोटो-व्हिडिओंच्या प्रती तिथे साठतात. त्या पुसल्या तर चॅटमधला तुमचा तो फोटो उघडणार नाही, एवढं लक्षात घेऊन काय ते ठरवा.

ग्रुपांचं काय? सोडून द्या असं सांगणारे पुष्कळ आहेत, त्यांना बहुतेक सासर-माहेर नसावं. २०२२ पासून ग्रुप सोडला की ते सगळ्यांना जाहीर होत नाही, सूचना फक्त ॲडमिनला जाते. पण आपल्याकडे ॲडमिन म्हणजे नणंदेचे यजमान असतात, म्हणजे सगळ्यांनाच कळलं. यावर मी काढलेली तोड म्हणजे अर्काइव्ह. चॅट दाबून धरून अर्काइव्ह केलं की ती मुख्य यादीतून उठते, आणि २०२१ पासून नवा मेसेज आला तरी वर येत नाही. सूचनाही येत नाही. कुणी तुमचं नाव घेऊन हाक मारली किंवा तुमच्याच मेसेजला उत्तर दिलं, तरच कळतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी सांगून ठेवलंय, माझ्याशी काम असलं तर माझं नाव टॅग करा. 'हळद २४ तारखेला' नावाचा एक ग्रुप माझ्याकडे आहे; त्या हळदीनंतर लग्न झालं, बारसं झालं, परवा त्या बाळाचा दुसरा वाढदिवस झाला, ग्रुप अजून जिवंत आहे. तो अर्काइव्हमध्ये सुखानं नांदतोय आणि मानपानही शाबूत आहे.

नवे ग्रुप अंगावर येऊ नयेत म्हणून प्रायव्हसीमध्ये ग्रुप्स हा पर्याय बघा. तुम्हाला ग्रुपमध्ये कुणी घालावं ते तिथे ठरतं. 'माझे कॉन्टॅक्ट्स' ठेवलं की प्लॉट विकणारे आणि शेअर बाजारातले गुरुजी बाहेरच थांबतात.

मामांचं कमळ

हे सगळं केलं त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मिरजेहून मामांचा फोन. मामा ७९ वर्षांचे. मामी गेल्यापासून एकटेच असतात.

"काय गं, बरी आहेस ना? दोन दिवस निळ्या खुणा नाहीत."

मामा रोज सकाळी कमळ पाठवतात. मी त्यांची चॅटही इतरांबरोबर अर्काइव्हमध्ये टाकली होती. माझ्या तक्त्यात दुसऱ्या रकान्यात त्यांच्यापुढे 'नाही' लिहिलेलं होतं, माझ्यासाठी नव्हतं म्हणून. ते चुकलं होतं. ते कमळ म्हणजे हजेरी होती. त्यांची मला, आणि माझी त्यांना.

मी म्हटलं, "मामा, रोज रात्री साडेनवाला मी तुम्हाला फोन करीन. कमळ पाठवायची तसदी घेऊ नका."

"तू फोन कर. पण कमळाला काय पैसे पडतात होय?"

त्यामुळे कमळ येतं, फोनही होतो. तक्ता भरताना एवढं सांभाळा: मेसेजात काय आहे ते बघून त्याला कचरा म्हणू नका, कुणी आणि का पाठवलाय ते बघा. माझ्या ५८ ओळींत असा एकच निघाला, पण तो एक चुकला असता तर महागात पडलं असतं.

फोन भरलाय की गुगल?

या दोन गोष्टींची गल्लत फार होते, आणि त्यातून माणसं भलतंच पुसून बसतात. फोनची जागा वेगळी, गुगलच्या खात्याची वेगळी. गुगल १५ जीबी फुकट देतं, आणि ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात मिळून आहे. पूर्वी गुगल फोटोजमध्ये जरा कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून ते त्या १५ जीबीतच धरले जाऊ लागले. पुढे अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही, म्हणजे चॅटची राखीव प्रतही, त्यातच मोजायला सुरुवात झाली. म्हणजे तुम्ही न बघितलेला व्हिडिओ आधी फोनमध्ये बसतो आणि रात्री बॅकअपबरोबर गुगलमध्येही जाऊन बसतो.

१५ जीबी भरले की मेल येणं-जाणं थांबतं. मला ते कळलं तेव्हा एका लेखकाची फाइल दोनदा परत गेली होती.

उपाय: व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये 'व्हिडिओ समाविष्ट करा' ही खूण काढा. माझा बॅकअप एवढ्यानंच निम्म्याच्या खाली आला. जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजी अक्षरांत 'लार्जर:१०एम' असं टाइप केलं की १० एमबीपेक्षा मोठे मेल तेवढे समोर येतात. माझ्या बाबतीत तीन वर्षांपूर्वीच्या मुखपृष्ठांचे सोळा नमुने, प्रत्येकात एकेका रेषेचा फरक. पुसलेले मेल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतात, घाई असेल तर ते रिकामं करा.

आणि एक सावधगिरी. फोनची जागा मोकळी करायची म्हणून गुगल फोटोज उघडून फोटो पुसू नका. तिथे पुसलं की फोनमधूनही जातं आणि गुगलमधूनही. त्यासाठी 'फ्री अप स्पेस' असा निराळा पर्याय आहे, तो बॅकअप झालेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत काढतो. चुकून पुसलंच तर बॅकअप झालेले फोटो ६० दिवस ट्रॅशमधून परत आणता येतात. आमच्या शेजारच्या वहिनींनी पोराच्या मुंजीचे असे परत आणले.

सूचना: ॲप नको, त्यातला प्रकार बंद करा

सगळ्या सूचना बंद केल्या म्हणून कुरिअर चुकलं; तसं करायची गरजच नव्हती, हे मला उशिरा समजलं. अँड्रॉइडमध्ये आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, एका ॲपच्या सूचनांचे वेगवेगळे प्रकार असतात. किराणा पोचवणाऱ्या ॲपमध्ये 'ऑर्डरची स्थिती' वेगळी आणि 'ऑफर्स' वेगळ्या. सूचना आली की ती दाबून धरा, कुठल्या प्रकारातली आहे ते दिसतं, तेवढाच प्रकार बंद करा. एका बैठकीत सगळी ॲप्स उघडून बसायची गरज नाही. जी येईल तिला दारातच विचारायचं. माझी खरेदीची आणि जेवणाची ॲप्स आठवड्याभरात गप्प झाली. 'तुमची कार्ट वाट पाहतेय' हे मला आता कुणी सांगत नाही.

काही ॲप्स मात्र ऑर्डरची बातमी आणि ऑफर एकाच प्रकारात कोंबतात, मुद्दामच. तिथे मी सूचना पूर्ण बंद केली आणि ऑर्डर दिली असेल तेव्हा स्वतः ॲप उघडून बघते.

एसएमएसचं थोडक्यात: १९०९ वर नोंदणी करून जाहिरातीचे मेसेज आणि कॉल बंद करता येतात. २०२५ पासून कंपन्यांच्या मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी एक अक्षर येतं: पी म्हणजे जाहिरात, एस सेवेबद्दल, टी व्यवहाराचा, जी सरकारी. ओटीपी आणि बँकेचे मेसेज याच रस्त्यानं येतात, त्यामुळे एसएमएसची सूचना सरसकट बंद करू नका.

लॅपटॉप, जो माझ्या तक्त्यात नव्हताच

फोन शांत झाल्यावर चारच दिवसांत लक्षात आलं की टुंग असा आवाज अजून येतोच आहे. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप उघडं होतं, ते एक झालं. शिवाय कधीतरी बातम्यांच्या एखाद्या साइटनं 'सूचना पाठवू का?' असं विचारल्यावर मी 'अलाउ' दाबलेलं होतं. एका नव्हे, अकरा साइट्सना. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं गेलं की ही यादी मिळते. सगळ्या काढल्या आणि यापुढे कुणी विचारूच नये असाही पर्याय तिथेच आहे, तो निवडला. फोनवरच्या क्रोममध्येही हीच यादी वेगळी असते, तीही बघा.

सगळं बंद, तरी हात जातोच

इथवर आल्यावर माझा फोन खरंच शांत झाला होता. पुन्हा एक मंगळवार मोजला. ५८ च्या ओळी १२ वर आल्या. पण या वेळी मी चौथा रकाना केला होता: न वाजता उचलला. त्यात ९ खुणा. चार तासांत नऊ वेळा.

आता त्या कागदावर 'का उचलला' तेही लिहायला लागले. चार-पाच दिवसांत दोन कारणं पुढे आली. एक म्हणजे फोन हेच माझं घड्याळ, माझा शब्दकोश आणि माझा कॅल्क्युलेटर होता. 'आशीर्वाद' की 'आशिर्वाद' हे बघायला जायचं आणि पंधरा मिनिटांनी पनीरची भाजी बघत बाहेर यायचं. दुसरं कारण जास्त लाजिरवाणं. एखादं वाक्य अडलं, लेखकाला नक्की काय म्हणायचंय तेच कळेना, की हात आपोआप तिकडे. अवघड जागेपासून पळ काढायची ती वाट होती.

पहिल्यावर उपाय सोपा निघाला. माळ्यावरचा जाडजूड शब्दकोश खाली आणला, भिंतीवरच्या घड्याळात सेल घातला, बाजारातून दुकानदार वापरतात तसला कॅल्क्युलेटर आणला. दुसऱ्यासाठी टेबलावर एक पाठकोरा कागद ठेवते. अडलं की तिथे पान नंबर आणि शंका लिहायची आणि पुढच्या ओळीवर जायचं. तासाभरानं सगळ्या शंका एकदम बघायच्या. निम्म्या पुढच्या पानांत आपसूक सुटलेल्या असतात.

सोफी लेरॉय नावाच्या अभ्यासिकेनं २००९ मध्ये एका शोधनिबंधात मांडलं होतं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं तरी मनाचा काही अंश आधीच्या कामातच राहतो. माझ्या पान ५ वर तेच झालं होतं, फक्त उलट्या बाजूनं: मी प्रुफाकडे परतले, मन टाकीत राहिलं. आणखी एक, टेक्सासमधल्या संशोधकांचा २०१७ चा प्रयोग फार सांगितला जातो: फोन नुसता टेबलावर असला, बंद असला, तरी बुद्धीचं काम मंदावतं. नंतर इतरांनी तो करून पाहिला तेव्हा सगळ्यांना तो परिणाम मिळाला नाही. म्हणून मी त्याचं फार सांगत नाही. माझा फोन कामाच्या वेळी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर असतो, कारण तिथवर जायला उठावं लागतं आणि गुडघा दुखतो. एवढं कारण मला पुरतं.

"घरात म्हातारं माणूस असताना फोन लांब कसा ठेवू?" हा प्रश्न मला स्वतःलाच पडला होता. डू नॉट डिस्टर्बमध्ये, म्हणजे फोन गप्प ठेवायच्या सेटिंगमध्ये, ठरावीक माणसांचे कॉल येऊ द्यायची सोय आहे; त्यांच्या नावापुढे तारा लावायचा. शिवाय 'रिपीट कॉलर्स' चालू ठेवलं तर कुणीही १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला की तो वाजतो. घरच्यांना सांगून ठेवलंय, तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा करा.

आमच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, आणि दीड तास घरोघर टीव्ही-मोबाइल बंद ठेवून पोरं अभ्यासाला बसतात. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो. मला त्यात आवडलं ते म्हणजे वेळ ठरलेली आहे आणि संपायचीही वेळ ठरलेली आहे. 'कमी बघा' असं कुणी म्हटलं तर ते कधी संपतच नाही. मी साडेनऊ ते अकरा आणि साडेअकरा ते एक असे दोन भोंगे लावलेत, कुकरच्या टायमरवर. मधल्या अर्ध्या तासात फोन मनसोक्त बघते. त्या अर्ध्या तासाची मला लाज वाटत नाही.

पुन्हा भरलाच तर

नवा फोन घेतला किंवा व्हॉट्सॲप काढून परत टाकलं, तर ऑटो डाउनलोडच्या खुणा लगेच तपासा. पहिल्या रात्रीच वायफायवर माल उतरतो. भाच्यानं किंवा नातवानं गेमसाठी फोन घेतला असेल तर नवी ॲप्स बघा, अँड्रॉइड १३ पासून नवं ॲप सूचनांची परवानगी विचारतं आणि पोरं 'हो' दाबून मोकळी होतात. बाकी काही सापडेना, तर पुन्हा तो तक्ता. चार तास नकोत, एक तास पुरतो.

गेल्या महिन्यात मी असाच एक तास मोजला. सात ओळी, त्यांतल्या पाच एकाच नव्या ग्रुपच्या. सोसायटीनं पाण्याच्या टाकीसाठी वेगळा ग्रुप काढलाय. तो मी अर्काइव्ह केलेला नाही. फक्त टाकी धुण्याची तारीख आली की ती आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते, पिठाच्या डब्याशेजारीच लावलंय.